जुन्या स्टीलच्या रिमचा गंज काढून पुन्हा रंग: किती घासायचं आणि रंग कुठे लावायचाच नाही?

चार_नट:
१४ इंची स्टीलच्या पाच रिम आहेत, स्टेपनी धरून. दर्शनी बाजूच्या चंदेरी रंगाचे पोपडे निघताहेत आणि नटांच्या भोकांभोवती लालसर डाग आहेत. आतल्या बाजूला डिस्क आणि रिम जिथे वेल्ड केलीय त्या रेषेवर गंजाचे थर आलेत. दोन चाकांची हवा आठवड्याला ४-५ पीएसआय उतरते. पंक्चर नाही, वॉल्व्हही ठीक आहे.

हाताशी १०० मिमीचा अँगल ग्राइंडर, ड्रिल मशीन आणि पॉलिश पेपर आहे. कॉम्प्रेसर नाही. प्रश्न असे:
१) टायर उतरवावेच लागतील का, की चिकटपट्टी लावून भागेल?
२) वायर ब्रश बरा की ॲसिड?
३) वरून रेड ऑक्साइड आणि मग स्प्रेचा डबा, एवढं पुरेल का?
४) नट बसतात तिथे रंग लावायचा की नाही? दोन्ही बाजूंनी सल्ले मिळालेत.

बीडब्रेकर:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या तक्रारीतच आहे. पंक्चर नाही, वॉल्व्ह ठीक आहे आणि तरी हवा उतरते, म्हणजे बहुधा टायरची कड (बीड) रिमवर जिथे दाबून बसते त्या पट्टीवर गंज चढलाय. हवा गंजाच्या खरखरीतून वाट काढते. टायर न उतरवता रंगवलेलं चाक छान दिसेल आणि गळत राहील. टायर उतरवाच.

टायर उतरला की रंगाचा विचार बाजूला ठेवून आधी रिम रंगवण्याच्या लायकीची आहे का ते पाहा.

नटांची भोकं आणि हवेसाठी ठेवलेल्या मोठ्या खिडक्या यांच्या कडेला केसासारखी तडा शोधा. बऱ्याचदा तडा दिसत नाही, तिच्यातून झिरपलेली तांबूस रेघ दिसते. भोकापासून बाहेर जाणारी अशी रेघ असेल तर तेवढी जागा चकचकीत धातूपर्यंत घासा आणि डाय पेनेट्रंट वापरा: लाल रंग लावून १०-१५ मिनिटं थांबायचं, पुसायचं आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. अशी रिम भंगारात. वेल्ड करून वापरायची नाही.

नटाच्या भोकातला शंकूच्या आकाराचा उतार गोल हवा. ढिल्या नटावर गाडी चालली असेल तर भोक लांबट होतं, तीही रिम बाद.

बीडच्या पट्टीवर नख फिरवा. खरखर लागली तर चालेल, पण गंज काढल्यावरही नख अडकून थांबेल असे खड्डे सलग असतील तर ती रिम हवा धरणार नाही. रिमचा पत्रा साधारण २ ते ३ मिमीचाच असतो, त्यात अर्धा मिमी गंजाने खाल्ला तर मागे काय उरलं याचा हिशेब करा.

वेल्डच्या रेषेवरचे थर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडा. पापुद्र्यांखाली घट्ट धातू लागला तर ठीक. टोक आत रुतलं तर पुढची मेहनत वाचली.

आणि एक, प्रश्नात नाही तरी: टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत कधीही लावायची नाही, हवा काढलेली असली तरीही. आत साठलेल्या वाफा पेटून टायर बॉम्बसारखा फुटतो. अशा अपघातांत माणसं मेली आहेत.

पत्रेवाला:
दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, पण त्याआधी धुणं. हे जवळपास सगळे उलट्या क्रमाने करतात. आधी घासतात, मग धुतात. टायरला चकाकी आणणाऱ्या पॉलिशमध्ये सिलिकोन असतं आणि ते रिमवर उडालेलं असतं. त्यावर ग्राइंडर फिरवला की सिलिकोन निघत नाही, ओरखड्यांत भरलं जातं. पुढे रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात आणि दोष रंगाच्या डब्याला मिळतो. म्हणून आधी बॅलन्सिंगसाठी लावलेले वजनाचे तुकडे आणि त्यांचा गोंद काढा, गरम पाणी व डिटर्जंटने ब्रेकची काळी धूळ व ग्रीस घालवा, वाळू द्या आणि मग ग्रीस काढायच्या थिनरने पुसा. दोन फडकी घ्या. एकाने ओलं करायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. एकच फडकं वापरलं तर तेल इकडून तिकडे फिरतं, इतकंच.

आता वायर ब्रश. ग्राइंडरवरचा वाटीसारखा पिळदार तारांचा ब्रश सुटे पोपडे भराभर उडवतो, पण खड्ड्यांतला गंज काढत नाही. तो गंजाला घासून काळा, चकचकीत करतो आणि धातू उघडा पडलाय असं वाटतं. त्यावर प्रायमर मारला की काही महिन्यांत त्याच ठिपक्यांतून फुगवटे येतात. खात्री करायची तर बाजूने बॅटरी मारून पाहा: धातू राखाडी चमकतो, दाबलेला गंज तपकिरी-काळा दिसतो.

मोकळ्या पृष्ठभागाला जाळीदार नायलॉनची स्ट्रिपिंग डिस्क वापरा. रंग आणि गंज दोन्ही निघतं, धातू फारसा झिजत नाही. फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) बीडच्या पट्टीवर आणि नटांच्या उतारावर अजिबात नको, दोन सेकंदांत सपाट खाच पडते.

ब्रशवर लिहिलेली कमाल गती ग्राइंडरच्या गतीपेक्षा जास्त हवी. १०० मिमीचे ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतात आणि ड्रिलसाठी बनलेले ब्रश त्याच्या निम्म्या गतीचेही नसतात. ते लावले तर तारा बाणासारख्या सुटतात. नुसता चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहऱ्याचं शील्ड आणि जाड कपडे घाला. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून धुळीचा मास्कही.

खड्ड्यांतला उरलेला गंज रसायनानेच जातो. सायट्रिक ॲसिड लिटरला ५० ते ७० ग्रॅम. रिम आडवी मावेल असं प्लास्टिकचं टब घ्या, रिम पूर्ण बुडायला हवी. अर्धी बुडाली तर पाण्याच्या पातळीवर कायमची रेघ खाल्ली जाते. कोमट पाण्यात ५-६ तास, गारात रात्रभर. मधे दोनदा काढून प्लास्टिकच्या ब्रशने घासा. विसरून दोन-तीन दिवस ठेवलीत तर ॲसिड चांगला धातूही खायला लागतं.

हायड्रोक्लोरिक ॲसिड नको. गंज दहा मिनिटांत जातो हे खरं, पण डिस्क आणि रिमच्या सांध्यात शिरलेले क्लोराइड धुऊन निघत नाहीत. रंगाखालून गंज परत येतो, तोही पहिल्यापेक्षा वेगाने. शिवाय त्याच्या वाफेने आजूबाजूची सगळी अवजारं गंजतात.

स्प्रेगन:
ॲसिड नको असेल तर इलेक्ट्रोलिसिस. लिटरला १० ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा साधा चार्जर, निगेटिव्ह रिमला, पॉझिटिव्ह टाकाऊ लोखंडी पट्ट्यांना. उलटं जोडलंत तर रिमच खाल्ली जाईल. करंट पट्टीसमोरच्या बाजूवर जास्त काम करतो, म्हणून रिमभोवती चार पट्ट्या आणि मधोमध एक लावा. पट्टी रिमला टेकू देऊ नका. काही आधुनिक चार्जरना बॅटरी दिसली नाही तर ते सुरूच होत नाहीत, त्यामुळे जुन्या पद्धतीचा शोधा.

पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या घ्यायच्या नाहीत. त्यातून हेक्झाव्हॅलंट क्रोमियम पाण्यात उतरतं, ते विषारी आहे आणि कर्करोग करतं. सोड्याऐवजी मीठही नको, क्लोरीन वायू निघतो. हायड्रोजन तर निघणारच, म्हणून काम उघड्यावर, ठिणगीपासून लांब, आणि क्लिप काढायच्या आधी चार्जर बंद.

पद्धत चांगली आहे, धातू खात नाही. पाच रिमना वेळ मात्र भरपूर लागतो. जवळ ब्लास्टिंगची (दाबाच्या हवेने कण मारून घासायची) सोय असेल तर गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्ट करून घेणं सगळ्यांत उत्तम. वेल्डच्या रेषेत ग्राइंडर पोचत नाही, ब्लास्टिंगचे कण पोचतात. नदीची वाळू कोणी वापरत असेल तर तिथून निघा. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं कायमची जातात.

चार_नट:
सायट्रिक ॲसिडने करेन. पण ओली रिम बाहेर काढली की बघता बघता नारिंगी होते म्हणतात. मग उपयोग काय? आणि गंजाला काळं करणारं कन्व्हर्टर मिळतं, ते लावून थेट रंग मारला तर?

पत्रेवाला:
ती नारिंगी झाक म्हणजे उघड्या धातूवर चढलेला ताजा गंज. ती टळते, पण हालचाल भराभर हवी. टबातून काढली की भरपूर पाण्याने धुवा, मग लिटरला १० ग्रॅम सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेलं ॲसिड मारा, पुन्हा धुवा, लगेच फडक्याने पुसा आणि हीट गन किंवा हेअर ड्रायरने वाळवा. सांध्यात पाणी अडकतं, त्यामुळे रिम इतकी तापवा की हात जेमतेम ठेवता येईल, आणि उभी-आडवी फिरवत राहा. हलकी झाक आलीच तर १२० नंबरच्या कोरड्या पॉलिश पेपरने निघते. एका वेळी एकच रिम टबातून काढा आणि त्याच दिवशी प्रायमरखाली घाला. पाचही धुऊन रात्रभर ठेवल्या तर सकाळी पुन्हा तेच काम.

कन्व्हर्टरबद्दल: ते टॅनिक किंवा फॉस्फोरिक ॲसिडवर चालतं आणि त्याला गंज लागतोच, कारण गंजाशीच त्याची क्रिया होते. स्वच्छ धातूवर ते नुसतं चिकट थर म्हणून बसतं. जाड पापुद्र्यावर लावलं तर वरचा थर काळा होतो, खालचा तसाच राहतो. जिथे ॲसिड, ब्रश काहीच पोचत नाही अशा सांध्याच्या फटीत ठीक. बीडच्या पट्टीवर नको. आणि त्यावर इपॉक्सी प्रायमर मारायचा तर आधी डब्यावरची सूचना वाचा. उरलेल्या ॲसिडमुळे इपॉक्सी नीट कडक होत नाही, म्हणून बरेच उत्पादक हा जोड वर्ज्य सांगतात. एच प्रायमरवर (धातूला धरण्यासाठी ॲसिड घातलेला प्रायमर) इपॉक्सी मारण्यालाही हीच अडचण.

स्प्रेगन:
तिसरा प्रश्न. रेड ऑक्साइडला मी नाही म्हणेन. खिडकीच्या गजांना ठीक आहे. तो सावकाश सुकतो, मऊ राहतो, दगड लागला की टवका उडतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्यावर लॅकरचा स्प्रे मारला की त्यातलं थिनर खालच्या थराला उचलतं आणि सुरकुत्या पडतात. ‘कालपर्यंत छान होतं, दुसऱ्या कोटला सगळं आक्रसलं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं.

दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर घ्या. कॉम्प्रेसर नसला तरी ब्रशने आणि लहान फोम रोलरने लागतो. एका रिमचं दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ साधारण ०.६ ते ०.७ चौरस मीटर, पाचांचं सव्वातीनच्या आसपास. ओला थर १०० मायक्रॉन धरला तर एका कोटला तिसरा हिस्सा लिटर, म्हणजे मिसळलेला एक लिटर दोन कोटांना पुरून उरतो. सगळा एकदम कालवू नका. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, मापाच्या कपाने मोजून. लवकर सुकावा म्हणून हार्डनर वाढवला तर थर ठिसूळ होतो किंवा चिकट राहतो. कालवल्यावर १५ ते ३० मिनिटं थांबायला सांगितलं असेल तर थांबा.

प्रायमरआधी धातूवर ८० ते १२० नंबरचे ओरखडे हवेत, रंगाला पकड तिथून मिळते. जुना रंग घट्ट असेल तिथे तो राहू द्या, फक्त त्याची कड ३२० ने उतरती करा. बोट फिरवल्यावर पायरी लागली तर ती रंगाखालूनही दिसणार. दर्शनी बाजूच्या खड्ड्यांत पहिल्या इपॉक्सी कोटनंतर लांबी (पुट्टी) भरता येते. नटांचा उतार, हबला (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा भाग) टेकणारा भाग आणि बीडची पट्टी इथे लांबी चालत नाही.

वरचा रंग: ४०० मिलीचे चंदेरी डबे पाच रिमना ४ धरा, क्लिअर (वरचा बिनरंगी थर) फक्त दर्शनी बाजूला मारायचं तर २-३. चाकाच्या आकारामुळे बराचसा फवारा खिडक्यांतून पलीकडे जातो, त्यामुळे डब्यावरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. डबा दोन मिनिटं हलवा, गोळीचा आवाज सुरू झाल्यापासून मोजायचं. अंतर २०-२५ सेमी. आधी खिडक्यांच्या आणि भोकांच्या आतल्या कडा, मग सपाट भाग. कडा शेवटी मारायला गेलात की त्यावरून ओघळ हमखास. पहिला कोट इतका विरळ की प्रायमर दिसत राहील. १० मिनिटांनी दुसरा, तेवढ्याच वेळाने तिसरा. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे कण असतात, एका जागी थांबलात तर ढगासारखे डाग पडतात. क्लिअरशिवाय तो हाताने काळा पडतो, म्हणून क्लिअर सोडू नका.

हवेत ८० टक्क्यांहून जास्त दमटपणा असेल तर त्या दिवशी रंग नको, लॅकर पांढरट पडतं. गार रिमवर हवेतलं पाणी धरतं, म्हणून रिम आधी उन्हात कोमट करून सावलीत आणा आणि तिथे फवारा.

बुडाशी बटण दाबून हार्डनर सोडायचे दोन भागांचे क्लिअर स्प्रे मिळतात. पेट्रोल आणि ब्रेकच्या धुळीपुढे ते फार टिकाऊ. पण त्यात आयसोसायनेट असतं, श्वासातून गेलं तर दमा जडू शकतो. धुळीचा मास्क इथे कुचकामी आहे. योग्य रेस्पिरेटर आणि मोकळी हवा नसेल तर साधं क्लिअर बरं.

सायलेन्सरला लावतात तो उष्णतारोधक रंग चाकाला घेऊ नका. तो भट्टीसारखं तापवल्याशिवाय कडक होत नाही आणि चाक कधीच तेवढं तापत नाही.

टॉर्कपाना:
चौथा प्रश्न शेवटी राहिला, आणि जिवावर बेतणारा तोच आहे.

चाक नट घट्ट धरतो म्हणून जागेवर राहतं, आणि नटाची ती पकड ताणलेल्या स्टडमधून (नट ज्यावर फिरतो तो हबचा आटेदार दांडा) येते. हा ताण स्टडच्या अगदी थोड्या, मिमीच्या अंशातल्या लांबण्यातून आलेला असतो. नटाखाली आणि हबमागे रंगाचे जाड थर असले की गाडी चालताना, तापताना ते दबतात आणि बाजूला सरकतात. थर थोडा जरी दबला तरी ताण झपाट्याने उतरतो. नट फिरलेला नसतो, तरी ढिला असतो.

म्हणून नटांच्या शंकूच्या उतारावर रंग नाही, लांबी नाही, क्लिअर नाही. मूळ कारखान्याचा पातळ थर घट्ट असेल तर राहू द्या. उघडा पडला असेल तर इपॉक्सीचा एकच पातळ कोट, बस. वरचे कोट मारताना भोकांत जुने नट बसवून ठेवा, झाकणासारखे बसतात. मागे हबला टेकणाऱ्या वर्तुळावरही तसंच: एक पातळ कोट आणि मग चिकटपट्टी. पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवायचा भुकटीचा रंग) करून घेणार असाल तर हे दोन्ही भाग उष्णता सोसणाऱ्या टेपने झाकायला स्पष्ट सांगा. त्याचा एक थर ६० ते १०० मायक्रॉनचा असतो. न सांगता दिलेल्या रिम सगळीकडे सारख्या गुळगुळीत होऊन येतात, मग भोकं खरवडत बसा.

बसवताना हबची रिमला टेकणारी बाजूही वायर ब्रशने साफ करा. रिम नवी आणि हबवर गंजाचा पापुद्रा असेल तर चाक वाकडं बसतं आणि स्टिअरिंग थरथरतं. मधल्या उंच कड्यावर अँटी-सीझचा (भाग जखडू नयेत म्हणून लावायची पेस्ट) पुसट हात चालेल. स्टडच्या आट्यांवर तेल-ग्रीस नको: मॅन्युअलमधला टॉर्क (नट पिळायचा जोर) कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो, तेल लावून तोच टॉर्क दिला तर स्टड जास्त ताणला जातो.

चार नटांच्या लहान गाड्यांना साधारण ८० ते ११० न्यूटन-मीटर लागतो, पण आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. चाक हवेत असताना समोरासमोरचे नट हाताने बसवा, टायर जमिनीला टेकवा, मग टॉर्क पान्याने दोन टप्प्यांत. ८० ते १०० किमी चालल्यावर गार असताना पुन्हा तपासा. रंगवलेल्या रिमला हे एकदा करून थांबू नका. दुसऱ्या वेळी नट फिरला तर तिसऱ्यांदाही तपासायचं.

बीडब्रेकर:
वर राहिलेली बीडची गोष्ट. त्या पट्टीला इपॉक्सी हवा, नाहीतर गंज परत. पण एकच गुळगुळीत कोट, फोम रोलरने, आणि ब्रशच्या रेघा राहिल्या तर ४०० च्या ओल्या पेपरने घासून. त्यावर चंदेरीचा पुसट फवारा आला तर हरकत नाही. ओघळ असेल तर काढा, तिथूनच हवा जाईल.

वॉल्व्हचं भोक आत-बाहेर साफ करून कड बोटाला टोचणार नाही अशी करा, रबरी वॉल्व्ह तिथे कापला जातो. वॉल्व्ह नवाच घाला. मोटारीच्या रिमला भोक बहुधा ११.५ मिमीचं असतं, पण रंगाने ते लहान झालेलं नको.

टायर चढवताना टायरचाच साबण किंवा पेस्ट, तेल किंवा ग्रीस नाही. मशीनच्या पकडीखाली प्लास्टिकच्या टोप्या घालायला सांगा, नाहीतर नवा रंग तिथेच खरवडतो. बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर हवा नेऊ नये. बसला नाही तर हवा काढून पुन्हा साबण. थोडे खड्डे उरले असतील तर बीड सीलरचा पातळ हात. मग साबणाचं पाणी कडेला आणि वॉल्व्हला लावून पाच मिनिटं बुडबुडे बघा. बॅलन्सिंग नव्याने करावंच लागेल, रंग आणि लांबीने वजन बदललेलं असतं. बॅलन्सिंगच्या क्लिपा कडेचा रंग चिरतात आणि गंज पुन्हा तिथूनच धरतो, त्यामुळे आतल्या बाजूला चिकटवायची वजनं चालत असतील तर तीच घ्या.

चार_नट:
सगळं लिहून घेतलं. एकच राहिलं: रंग मारल्यावर किती दिवसांनी टायर चढवू? गाडी फार दिवस ठोकळ्यांवर ठेवता येणार नाही.

स्प्रेगन:
हाताला सुका लागणं वेगळं, कडक होणं वेगळं. साध्या स्प्रेला एक आठवडा द्या. गारठा असेल तर दहा दिवस. दोन भागांचं क्लिअर असेल तर दोन-तीन दिवसांत काम होतं. पाहायचं असेल तर आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, नख जोराने दाबा. खूण उमटली तर अजून थांबा.

घाईत चढवला तर टायर बीडच्या पट्टीवरच्या मऊ रंगाला चिकटतो आणि पुढच्या पंक्चरला उतरवताना रंगाची पट्टीच सोलून घेऊन येतो.

टॉर्कपाना:
गाडी ठोकळ्यांवर ठेवायची गरज नाही. आधी स्टेपनीची रिम पूर्ण करा. ती तयार झाली की एका चाकाच्या जागी लावा आणि ते चाक कामाला घ्या. एका वेळी एकच रिम बाहेर राहील. वेळ लागेल, पण पहिल्या रिमवर झालेल्या चुका पुढच्या चारांवर होणार नाहीत. तोवर लांबच्या फेऱ्या टाळा, गाडीत स्टेपनी नसेल.